पॉलिमर क्ले घासायला मशीन वापरलं तर बिघडलं कुठे?

रंगीत_गोळा:
कानातल्यांच्या कडा घासत बसायचा मला जाम कंटाळा येतो म्हणून थेट विषय काढते. पार्लरमध्ये नखं घासायला असतं ना ते छोटं मशीन, त्याला बारीक सँडिंग बँड लावून भाजलेल्या पीसच्या कडा पाच मिनिटात साफ होतात. तरी कुठेही विचारा, लगेच "हातानेच घासा, पाण्यातच घासा". हे शास्त्र आहे की नुसतं सोवळं?

पाण्यातली_माती:
सोवळं नाही, पीव्हीसी आहे ते! पॉलिमर क्ले ही माती नाहीच मुळात, पीव्हीसीची पूड आणि तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर, आणि कोरडं घासलं की त्याचीच धूळ उडते, मशीनने तर खोलीभर, चहाच्या कपात सुद्धा. हार्डवेअरच्या दुकानात काळा वॉटर पेपर म्हणजे पाण्यात चालणारा सँडपेपर मिळतो, गाड्या रंगवणारे वापरतात तो, ४०० नंबरने सुरू करून (नंबर मोठा तेवढा कागद बारीक) ६००, ८००, १००० असं चढत जायचं, पाण्यात थेंबभर भांड्यांचं लिक्विड. धूळ पाण्यातच बसते. शिवाय मशीनने क्ले तापते, तापली की मऊ पडते आणि घासली न जाता फासली जाते, बँड पण चोंदतो.

रंगीत_गोळा:
एन ९५ लावते की. स्पीड पण एकदम कमी.

बफवाला_काका:
अगं तुम्ही दोघी दोन वेगळ्या कामांवरून भांडताय. घासायला मशीन नको हे माझंही मत, पण चकाकी आणायला मशीनच पाहिजे. सोनाराकडे असते तशी बफ मोटर, तिला न शिवलेलं मऊ सुती चाक, पॉलिशबिलिश काही लावायचं नाही. १००० पर्यंत नीट घासलेला मणी त्यावर काचेसारखा निघतो, जीन्सवर रात्रभर घासा तेवढं येणार नाही. फक्त पीस चाकाच्या खालच्या अंगाला धरा, वरची कड चाकात अडकली की पीस गेलाच भिरकावून. चष्मा घाला, केस बांधा, ओढणी काढून ठेवा. आणि वायरवाली मशीन पाण्याच्या टबाशेजारी ठेवणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

मनगटवाली:
हातानेच घासा म्हणणाऱ्यांना बहुतेक संधिवात नसावा. माझ्यासारखीने काय छंद सोडायचा? बॅटरीवाल्या जुन्या टूथब्रशचे केस कापून त्यावर वॉटर पेपरचा गोल तुकडा चिकटवलाय, ओल्या पीसवर मस्त चालतो, धूळ नाही शॉक नाही.

पाण्यातली_माती:
हे भारी आहे ताई, याला माझा विरोध नाही. माझं भांडण त्या गरगर फिरणाऱ्या बँडशी आहे. मोकुमे गाने (रंगीत थर रचून कापून काढलेली नक्षी) किंवा केनचा (आत नक्षी असलेल्या क्लेच्या रुळाचा) पातळ काप वर चिकटवला असेल तर वरची नक्षी एका झटक्यात उडते आणि खालचा रंग दिसतो, मग ते परत कसं आणणार? हाताला निदान कुठे थांबायचं ते कळतं.

आधीच_गुळगुळीत:
मुळात एवढं घासायची वेळ का येते? क्लेवर क्लिंग फिल्म ताणून वरून कटर दाबा, कडा आपोआप गोल येतात. बोटांचे ठसे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या ब्रशने भाजायच्या आधीच घालवा. आळशी लोकांनी मशीन नाही, अक्कल वापरावी :)

रंगीत_गोळा:
आळशी कोणाला म्हणता हो! क्लिंग फिल्म करून बघते, पण साध्या एकरंगी पीसच्या कडांना माझं मशीन राहणारच. आणि भोकं मी ड्रिलनेच पाडणार, त्यावर कोणी बोलायचं नाही.

पाण्यातली_माती:
बोटांनी फिरवायचं छोटं ड्रिल पण मिळतं हं.