मदत हवी आहे: मेझोटिंटमधला काळोख कुणाचा?

इंग्लिश चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सच्या तैलचित्रांवरून जेम्स मॅकआर्डेल वगैरे कोरणाऱ्यांनी 18व्या शतकात काढलेली मेझोटिंट (तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं) बघतोय, फक्त संग्रहालयांच्या वेबसाइटवर. खांब, पडदा, कमरेवर हात, किंचित वरून टाकलेली नजर, हा उमरावी थाट कळतो. अडतंय उजेडापाशी. यात तांब्याचा पत्रा आधी पूर्ण खरबरीत करतात, तसाच छापला तर काळाकुट्ट. मग घासून कपाळ, लेस, रेशमाची घडी उजळवत नेतात. म्हणजे काळोख आयताच मिळतो!

चित्र डावं-उजवं उलटं छापलंय का, हे तलवारीवरून तपासलं (ती सहसा डाव्या कमरेला). मूळ चित्रांशीही ताडलं, पण रेनॉल्ड्सचे रंग उडण्यासाठी कुप्रसिद्धच. शिवाय पत्रा लवकर झिजतो, उशिराच्या प्रती फिक्या. मग चेहऱ्यामागचा काळोख चित्रकाराचा की कोरणाऱ्याचा, हे कशावरून ठरवायचं?