टॉवरला माझा विरोधच आहे, पण काल गेटवर झालं ते नाही चालणार

*बी-३०४, वहिनी:*
सगळ्यांनी वाचा प्लीज, मेसेज मोठा आहे, सकाळपासून लिहून राहिली आहे. गच्चीवर मोबाईल टॉवर नको म्हणून सह्या घ्यायला सगळ्यात आधी मीच दारोदार फिरली, ४६ घरांपैकी ३१ सह्या माझ्या वहीत आहेत, तर मी टॉवरवाल्यांकडून बोलून राहिली असं कोणी मनातही आणू नका. काल माप घ्यायला आलेल्या पोराला आपल्या १५-२० जणांनी घेरलं, टेप हिसकली, कॉलर धरली. २१-२२ वर्षांचा असेल तो, मी बाजूलाच होती, हात थरथरत होते त्याचे, "ताई मला फक्त माप आणायला पाठवलं" एवढंच म्हणत होता. आणि रात्रीतून कोणीतरी सरांच्या पार्किंगच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं "टॉवरचा दलाल" लिहून ठेवलं. सकाळी ६ ला काकू ओल्या फडक्यानं घासत होत्या, ऑइलपेंट पाण्यानं जाते का, नुसता लाल डाग पसरत गेला. सरांचा गुन्हा काय तर मागच्या मीटिंगमध्ये ते म्हणाले की टॉवरनं कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं नाही. जन्मभर फिजिक्स शिकवलेल्या माणसानं जे माहीत आहे ते आपल्याच मीटिंगमध्ये सांगायचं नाही तर कुठं सांगायचं?

*डी-५०१, भाऊ:*
वहिनी भिंतीचं चुकलंच, त्यात वाद नाही. पण लोकं घाबरले आहेत हे पण पाहा न. आम्ही सगळ्यात वरच्या माळ्यावर, पोरगी ४ वर्षांची. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेनंच २०११ ला या रेडिएशनला कॅन्सरच्या लिस्टमध्ये टाकलं, २०१७ ला सुप्रीम कोर्टानं ग्वाल्हेरचा एक टॉवर बंद करायला लावला. मग आम्ही काय उगाच ओरडून राहिलो का?

*ए-२०३, सर:*
भाऊ, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि पोरीची काळजी वाटणं बरोबरच आहे. फक्त २०११ च्या त्या यादीत हे 'टू-बी' गटात आहे, म्हणजे शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा तोकडा. त्याच गटात पुढे कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आला. आणि तो तोकडा पुरावाही मुख्यतः कानाला लावलेल्या मोबाईलचा होता, टॉवरचा नाही. पुढे डब्ल्यूएचओनं करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ ला आला, त्यात मोबाईल आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध दिसला नाही. या लहरींमध्ये डीएनए तोडण्याइतकी ताकद नसते, जास्त प्रमाणात असल्या तर शरीर तापवतात, मर्यादा त्यावरूनच ठरली. भारतानं १ सप्टेंबर २०१२ पासून ती तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींना चौरस मीटरमागे ४.५ वॅटच्या जागी ०.४५.
पण माझ्या शब्दावर तुम्ही विश्वास ठेवावा असं नाही. समोरच्या कॉम्प्लेक्सवर टॉवर आहेच, तुमच्या गॅलरीत आज किती येतं ते मोजून घ्या. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर अर्ज करून फी भरली की ते लोक मीटर घेऊन येतात.
भिंतीचं मला एवढं नाही. पण ही आज फुलं तोडायला खाली उतरली नाही.

*सी-१०४:*
सर सॉरी पण नम्रपणे बोलून कोण ऐकते इथं? आपल्या नागपूरच्या अधिवेशनात पाहा न, मोर्चा गरम झाल्याशिवाय मंत्री भेटत नाही.

*ई-२०२, काका:*
बेटा मी १९८७ पासून कर्मचाऱ्यांच्या मोर्च्यात होतो. यशवंत स्टेडियमवरून निघायचं, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले की तिथंच रस्त्यावर बसायचं, घसा बसेपर्यंत घोषणा द्यायच्या. पण घोषणा मागणीची असायची, कोणाच्या घराची नाही, आणि बॅरिकेडवरच्या हवालदाराला कधी बोट लावलं नाही, तो तर पगारावर उभा आहे, कालच्या पोरासारखाच. निवेदन घेऊन आत जे ४ जण जायचे ते तेच निवडायचे ज्यांना सगळे आकडे तोंडपाठ. एकदा कोणीतरी दगड मारला, दुसऱ्या दिवशी पेपरात दगडच आला, आमच्या मागणीची एक ओळ नव्हती.

*बी-३०४, वहिनी:*
काका हेच म्हणून राहिली मी. उद्या कंपनीचे लोक आले आणि आपल्यातलं कोणी कॉलर धरलेला व्हिडिओ दाखवला की माझ्या ३१ सह्यांना कोण विचारते.
आणि रेडिएशनचं सरांचं पटलं तरी माझा विरोध तसाच आहे. स्लॅब १९९४ चा, दर पावसाळ्यात माझ्या बेडरूममध्ये बादली ठेवावी लागते, त्यावर टॉवर, जनरेटर, आणि स्ट्रक्चरल ऑडिट कुठं आहे? कमिटीनं आमसभेला न विचारता माप घ्यायला माणूस बोलावलाच काहून? हे प्रश्न कोणी खोडून दाखवावे.
तर रविवारी गेटवर उभं राहू, पण "टॉवर म्हणजे मृत्यू" आणि कवटीचं बॅनर मी उतरवते, जे सिद्ध करता येत नाही ते लहान पोरं खेळतात तिथं लावायचं नाही. त्या जागी "आधी ऑडिट, मग आमसभा". मीटिंगमध्ये डी-५०१ भाऊ १० मिनिटं, सर १० मिनिटं, मधात कोणी तोंड घालायचं नाही, घातलं तर मी उठून थांबवीन, मग तो माझ्या बाजूचा असला तरी. भिंतीवर कोणी लिहिलं ते मला ग्रुपवर नको. ज्यानं लिहिलं त्यानं सरांच्या घरी जावं.

*सी-१०४:*
लिहिलं मी नाही. पण लिहिताना तिथं होतो, थांबवलं नाही. त्या पोराची टेप पण माझ्याकडे आहे. नंबर आहे का कोणाकडे त्याचा?

*ई-२०२, काका:*
गेटच्या रजिस्टरमध्ये असेल, कालच्या पानावर. फोन तूच कर.

*डी-५०१, भाऊ:*
सर, माझ्याकडे थिनर आहे, अर्धा डबा. ५ वाजता खाली येतो, सी-१०४ तू पण ये, जुना ब्रश आण. काकूंना म्हणा आता फडकं नका मारू, अजून पसरते ते.