लग्नसराईत प्रिंटरचा ड्रायव्हर आपोआप बदलतोय. एकच अपडेट लपवता येतं का?

पत्रिकावाली, कराड

नमस्कार मंडळी. मी घरीच डीटीपी करते. लग्नाच्या पत्रिका, बारशाची कार्डं, वास्तुशांतीची निमंत्रणं, मार्च उलटला की एखाद्या पतसंस्थेचा अहवाल. छापखाना वगैरे काही नाही. जेवणाच्या खोलीत एक टेबल, त्यावर २०२३ साली घेतलेला लॅपटॉप (विंडोज ११ होम) आणि त्याच्याहून कितीतरी म्हातारा लेसर प्रिंटर. म्हातारा असला तरी जाड कार्ड मुकाट्याने खातो. मॅन्युअल ट्रेमधून एकेक कार्ड सरकवायचं, सेटिंगमध्ये ‘जाड कागद’ निवडायचं, बस.

आता झालं काय ते ऐका. अक्षय्य तृतीयेच्या लग्नाच्या दीडशे पत्रिका होत्या. मंगळवारी रात्री नमुना काढला, झकास आला. बुधवारी पहाटे उठून दीडशे काढल्या, गठ्ठा बांधून ठेवला. दहा वाजता मुलीचे वडील आले. देवापुढे ठेवायची म्हणून पहिली पत्रिका हातात घेतली, आमच्याच देव्हाऱ्यातल्या कोयरीत बोट बुडवून गणपतीला ओलं कुंकू लावलं आणि बोट उचललं तर गणपतीची सोंड बोटावर! माणूस देवभोळा. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. मी नखाने मजकूर खरवडून पाहिला तर ‘चि. सौ. कां.’ पापुद्र्यासारखं सुटून आलं.

ते गेल्यावर सेटिंग उघडलं. कागदाच्या यादीतून ‘जाड कागद’ गायब. ‘साधा’ एवढाच उरलेला. मी बनवून ठेवलेला पाच बाय सातचा आकारही गेलेला. अपडेट हिस्टरीत पाहिलं तर रात्रीत ‘ड्रायव्हर अपडेट्स’खाली (ड्रायव्हर म्हणजे विंडोजकडून प्रिंटर चालवून घेणारं सॉफ्टवेअर) प्रिंटरच्या नावाने एक ओळ आलेली.

जुना ड्रायव्हर माझ्याकडे पेनड्राइव्हवर आहे, तो टाकला. आठ दिवसांनी परत तेच. परत टाकला, परत गेला. पुण्याच्या भाच्याने फोनवरून ‘विंडोज अपडेट’ नावाची सर्व्हिसच (पडद्यामागे चालणारा प्रोग्राम) बंद करायला लावली. चार दिवसांनी बघते तर ती चालू! घरात मी आणि हे दोघंच, आणि ह्यांना माउससुद्धा हातात धरवत नाही. मग रात्री उठून दिवा लावतं कोण?

विंडोज ७ मध्ये बरं होतं. नको त्या अपडेटवर उजवी क्लिक, ‘हाइड’, विषय संपला. ‘विंडोज १० घ्या, विंडोज १० घ्या’ म्हणून खालच्या कोपऱ्यात बसलेलं ते चिन्ह मी २०१५ मध्ये तसंच घालवलं होतं. आता ती सोयच दिसत नाही.

मला सगळी अपडेटं बंद करायची नाहीत, बँकेचं काम याच लॅपटॉपवर चालतं. हा एकच ड्रायव्हर दाराबाहेर ठेवता येईल का?

चहाबाज

लिनक्स टाका, सुखी व्हा.

पत्रिकावाली, कराड

चहाबाज, माझं फॉन्टचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही आणि वीस वर्षांच्या फायली त्यात आहेत. सुख परवडत नाही.

उरणकर

ताई, सर्व्हिस बंद करायचा सल्ला देणाऱ्या भाच्याचे कान धरा आधी. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस आला तेव्हा आमच्या इथे जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज ठप्प झालं होतं. तो ज्या भोकातून एका मशीनवरून दुसऱ्यावर उड्या मारत होता, ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलेलं होतं. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या व्हायरसने त्याच भोकातून धुमाकूळ घातला, तरी लोक जागे झाले नाहीत.

अर्धवटराव

उरणकर, अर्धीच गोष्ट सांगताय. नॉटपेट्या मुळात आत शिरला कुठून? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! ज्यांनी इमानेइतबारे अपडेट घेतलं तेच आधी बुडाले.

उरणकर

मान्य. पण ते त्या सॉफ्टवेअरचं अपडेट होतं, विंडोजचं नव्हे. शिवाय चोरलेले पासवर्ड वापरूनही तो पसरत होता, त्यामुळे नुसत्या पॅचने (भोक बुजवणाऱ्या अपडेटने) सगळे वाचले असते असं मीही म्हणत नाही. तरी ज्या मशीनवर बँक चालते तिथे सुरक्षेची अपडेटं हवीतच.

पानाकाका, सांगली

वाद बाजूला ठेवा, ताईंचं काम करू. मी दुरुस्तीच्या दुकानात बसतो. एप्रिल-मेमध्ये छापणाऱ्यांची हीच तक्रार घेऊन रोज कुणीतरी येतं.

आधी शाई का निघाली ते. ‘जाड कागद’ निवडला की प्रिंटर कार्ड सावकाश ओढतो आणि आतला तापलेला रूळ टोनरला जास्त उष्णता देतो. ती पूड वितळून कागदात मुरते. ‘साधा’वर कार्ड भरकन निघून जातं, पूड नुसती वर बसते. दिसायला पत्रिका चांगलीच दिसते, म्हणून तर तुमच्या लक्षात आलं नाही. प्रिंटर धडधाकट आहे, नव्या ड्रायव्हरमध्ये तो पर्यायच नाही एवढंच.

आता तुमच्या रात्रीच्या दिव्याचं. ‘विंडोज अपडेट’वर नजर ठेवायला ‘विंडोज अपडेट मेडिक’ नावाची दुसरी सर्व्हिस असते. अपडेटची यंत्रणा बिघडली की ती दुरुस्त करायची हे तिचं काम, आणि तुम्ही बंद केलेली सर्व्हिस तिच्या लेखी बिघाडच. तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

लपवता येतं, पण क्रम चुकला की सगळं मुसळ केरात. लपवायच्या यादीत फक्त न बसलेली अपडेटं येतात. बसलेला ड्रायव्हर त्यात सापडणारच नाही. म्हणून आधी तो काढायचा, जुना बसवायचा, मग नवा परत दाराशी आला की आत यायच्या आधी लपवायचा. तेवढी उसंत मिळावी म्हणून वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ (नेट मोजूनमापून वापरायचंय असं विंडोजला सांगणारं बटण) आजच चालू करून ठेवा, म्हणजे ड्रायव्हर आपणहून उतरणार नाहीत. आणि ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’च्या पानावर ‘मीटर्ड कनेक्शनवरून ड्रायव्हर उतरवा’ अशा अर्थाचं बटण असतं, ते बंद आहे ना बघा.

नंतर वायफाय बंद, प्रिंटरची यूएसबी केबल काढा. त्याच पानावरून प्रिंटर ‘रिमूव्ह’ करा. मग तिथूनच ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’, त्यात ‘ड्रायव्हर्स’चा टॅब. तिथे नवा ड्रायव्हर निवडून काढताना तो विचारेल की नुसता ड्रायव्हर काढू की पॅकेजसकट. पॅकेजसकट म्हणा. निम्मे लोक इथेच फसतात. पॅकेज राहिलं की ते विंडोजच्या गोदामात पडून असतं, आणि केबल लावली रे लावली की तेच काढून परत बसवलं जातं, नेट नसलं तरी.

मग पेनड्राइव्हवरचा जुना ड्रायव्हर टाका, केबल लावा, ‘जाड कागद’ परत आला का बघा. आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आला की वायफाय चालू करा आणि पॉवरशेल (कमांड टाइप करायची विंडोजची खिडकी) ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थात रोमन लिपीत करायच्या.) एकदाच: इन्स्टॉल-मॉड्यूल पीएसविंडोजअपडेट. तो दोनदा परवानगी मागेल, ‘वाय’ दाबा. स्क्रिप्ट चालवायला मनाई आहे असं म्हणाला तर सेट-एक्झिक्युशनपॉलिसी रिमोटसाइन्ड द्या. पुढे गेट-विंडोजअपडेट. एखादं मिनिट काहीच हलणार नाही, घाबरू नका, चहा टाका. मग यादी येईल. त्यात प्रिंटरच्या कंपनीचं नाव आणि ‘प्रिंटर’ असा शब्द असलेली ओळ म्हणजे आपला चोर. ड्रायव्हरला बहुतेक वेळा केबी नंबर (मायक्रोसॉफ्टने अपडेटला दिलेला क्रमांक) नसतो, म्हणून नावाने धरायचं: हाइड-विंडोजअपडेट, पुढे डॅश टायटल, आणि अवतरणात त्या नावाचा ओळखू येईल एवढा तुकडा, दोन्ही बाजूंना तारका. तुकडा फार छोटा घेऊ नका, नाहीतर भलतंच लपेल.

गोमंतक_७५

एवढा खटाटोप कशाला? ‘शो ऑर हाइड अपडेट्स’ नावाचं छोटं टूल होतं की. दोन क्लिकमध्ये काम.

पानाकाका, सांगली

होतं, आणि चांगलं होतं, मीच कितीजणांना दिलं असेल. पण ते ज्या जुन्या ट्रबलशूटरच्या यंत्रणेवर चालायचं ती टप्प्याटप्प्याने बंद करणार असं २०२३ मध्येच जाहीर झालंय. कुणाकडे जपून ठेवलेली मूळ फाइल असेल तर बघा चालवून. पण ती शोधत कुठल्या तरी ‘फ्री डाउनलोड’वाल्या साइटवर जाऊ नका. एक ड्रायव्हर लपवायला जाल आणि दहा पाहुणे घेऊन याल.

पत्रिकावाली, कराड

काका, अडकले. पॅकेजसकट काढायला गेले तर ‘ड्रायव्हर वापरात आहे’ म्हणतो. केबल तर माझ्या मांडीवर आहे, वापरतंय कोण?

दुसरं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये भटकत होते तर निम्म्या ड्रायव्हरवर तारीख २१ जून २००६! लॅपटॉप २०२३ चा. मला कुणी जुना माल गळ्यात बांधला का?

पानाकाका, सांगली

वापरतोय स्पूलर, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस. अडकलेली एखादी प्रिंट धरून बसला असेल. सर्व्हिसेसमध्ये ‘प्रिंट स्पूलर’वर उजवी क्लिक करून ‘रीस्टार्ट’ करा आणि दुसरं काही न उघडता लगेच ड्रायव्हर काढा. तरीही अडला तर लॅपटॉप रीस्टार्ट करून पहिलं काम तेच.

तारखेचं मात्र छान विचारलंत. विंडोजसोबत येणाऱ्या ड्रायव्हरवर मुद्दामच २१ जून २००६ टाकलेली असते. तारखेची तुलना झाली की कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर नवा ठरावा आणि त्याला आधी मान मिळावा म्हणून. इंटेलच्या काही ड्रायव्हरवर तर १८ जुलै १९६८ दिसेल. तो कंपनीच्या स्थापनेचा दिवस. तेव्हा विंडोजही नव्हतं आणि मीही जेमतेम रांगत होतो. तुमचा लॅपटॉप नवाच आहे.

अर्धवटराव

काका, याच पद्धतीने दर महिन्याचं मोठं अपडेटही लपवत गेलं तर?

पानाकाका, सांगली

महिनाभरच लपेल. ती अपडेटं साठत जाणारी असतात. या महिन्याचं लपवलंत तरी पुढच्या महिन्याच्यात ते सगळं असतंच, फक्त नंबर नवा. त्यासाठी ‘पॉज’ बरा, विंडोज ११ मध्ये पाच आठवड्यांपर्यंत मिळतो. ती येतात महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहाला. म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेदहा. ज्याचं काम तारखेला बांधलेलं आहे त्याने तो आठवडा पॉज करावा, दुसऱ्यांच्या मशीनवर काय होतं ते बघावं, मग घ्यावं.

पत्रिकावाली, कराड

स्पूलर रीस्टार्ट केला आणि गेला एकदाचा! पॅकेज दोन होती, दोन्ही काढली. जुना ड्रायव्हर टाकल्यावर ‘जाड कागद’ आला. पॉवरशेलची ती काळीनिळी खिडकी पाहून हे म्हणाले, ‘बँक हॅक करतेस का?’ यादीत चार ओळी आल्या, तिसरी आपली. लपवली. परत यादी मागितली तर तीनच.

एक कार्ड काढलं, दहा मिनिटं थांबले आणि ओल्या बोटाने गणपतीला कुंकू लावलं. सोंड जागेवर.

हे कायम टिकेल ना?

पानाकाका, सांगली

त्या व्हर्जनपुरतं टिकेल. कंपनीने पुढचं व्हर्जन सोडलं तर ते नवीन म्हणून परत येईल, तेव्हा तेवढं लपवायचं. आणि भाच्याला सांगून ठेवा, अपडेट अडकलं म्हणून ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’ फोल्डर पुसायचा नाही. कुणाला लपवलंय याची वही त्यातच असते. कधी पाहावंसं वाटलं तर गेट-विंडोजअपडेटपुढे डॅश इजहिडन लिहा, लपवलेली ओळ दिसेल.

मीटर्ड आता काढलंत तरी चालेल. आणि ‘विंडोजला माझा डीफॉल्ट प्रिंटर ठरवू दे’ अशी एक खूण असते, ती काढून टाका. नाहीतर एखाद्या दिवशी पत्रिका पीडीएफमध्ये छापून निघेल.

पत्रिकावाली, कराड

काढली. पीडीएफचा प्रकार माझ्याकडे आधीच झालाय, मला वाटायचं मीच चुकते.

दीडशे पत्रिका परवा नव्याने दिल्या, कार्डाचे पैसे माझ्या खिशातून. आधीच्या दीडशेंच्या पाठी कोऱ्या आहेत, वाण्याच्या याद्या लिहायला वर्षभर पुरतील. काका, कधी कराडला आलात तर जेवायलाच या. टेबलावरचा प्रिंटर बाजूला सरकवते.