खानापूर भागातल्या शेतकरी बायकांना धंद्याचं प्रशिक्षण: आधी काय शिकवावं?

प्रश्न:
बेळगाव जिल्ह्यातल्या (कर्नाटक) खानापूर तालुक्यात बचत गटांतल्या २५ शेतकरी बायकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं आहे. नाचण्याचे पापड करतात, रताळी विकतात. माल चांगला, पण हातात काही उरत नाही. सुरुवात कुठून करू? आणि कोणत्या महिन्यात घेऊ?

उत्तर १:
ताई, पहिला अख्खा दिवस हिशेबाला द्या. पापडाची १० किलोची खेप फळ्यावर मांडा. दर त्यांच्याकडूनच घ्या, हे आकडे नमुन्याचे: नाचणा, उडीद, मीठ, पापडखार ९००, दळण ६०, पिशव्या-लेबलं २००. बायका इथंच थांबतात. ११६० मध्ये २०० ग्रॅमची ५० पाकिटं, म्हणजे २३ रुपयांना एक. ४० ला विकलं की फायदाच वाटतो. आता सरपण १००, टेम्पो १४० (कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेनं बाईचं सरकारी बसचं तिकीट वाचतं, मालाचं भाडं नाही) आणि चौघींची अर्ध्या दिवसाची मजुरी ६०० धरा. झाले २०००. दोन पाकिटांचा चुरा होतो. ४८ उरली, पाकीट पडलं ४२ ला.

खरी चूक पुढं होते. ४२ वर २० टक्के चढवून ५० छापतात. दुकानदार ५० वर २० टक्के कापतो, हातात ४० येतात. पाकिटामागं दोन रुपये तोटा! हे गणित प्रत्येकीकडून स्वतःच्या वहीत करून घ्या.

उत्तर २:
फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या, दुपारी. जुलैत भाताच्या लावणीला सगळ्या चिखलात असतात. शिवाय तिथल्या पावसात पापड वाळत नाहीत, वर्षाचा माल मेअखेर तयार हवा. उन्हातून काढलेला गरम पापड लगेच पिशवीत भरला की आत घाम धरतो आणि बुरशी येते. सावलीत पूर्ण गार करून, जाड पिशवीत, मशीननं सील करायला शिकवा. लेबलावर वजन, किंमत, तारीख, पत्ता आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक.

उत्तर ३:
रताळ्यांना नवरात्रात उपवासाची मागणी असते, पण सगळा गाव एकदमच काढतो आणि भाव पडतो. लावणीच टप्प्याटप्प्यानं करायला सांगा. कुदळ लागलेली रताळी वेगळी काढा, एक कुजलं की पोतं जातं.

बँकेचे कन्नड फॉर्म वर्गातच भरून घ्या. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत गटाच्या सभासदामागं ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल आहे. ते सभासदाला कर्ज म्हणूनच मिळतं, फेडावं लागतं. अनेकजणी अनुदान समजून खर्चून बसतात, म्हणून सही करण्याआधीच हे सांगा.