घरी बसवलेला कोल्ड एअर इंटेक: थंड हवा येते कुठून?

चौथा गिअर
काल इथे एकाने कोल्ड एअर इंटेकबद्दल (मूळ एअर फिल्टरच्या डब्याऐवजी बसवायचा वेगळा पाइप आणि फिल्टर) लिहिलं: "कोल्ड एअर इंटेक घरीच बसवा, अर्ध्या तासाचं काम. १५ हॉर्सपॉवर वाढते, अ‍ॅव्हरेजही सुधारतं." खाली नुसती वाहवा. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आधी बॉनेट उघडा आणि मूळ एअरबॉक्सची (एअर फिल्टरच्या डब्याची) नळी कुठे जाते ते हात घालून बघा. बहुतेक गाड्यांत ती ग्रिलच्या मागे नाहीतर हेडलाइटच्या बाजूला निघते, बाहेरचीच हवा ओढते. म्हणजे थंड हवा तुम्हाला कंपनीनेच दिलेली आहे. तुम्ही ती काढून आखूड पाइप आणि उघडा कोन फिल्टर लावता, तो बसतो रेडिएटरच्या मागे, इंजिनाला चिकटून. हवा १० अंशांनी तापली की घनता साधारण ३ टक्क्यांनी घटते. सिग्नलला थांबलेल्या गाडीच्या बॉनेटखाली २०-३० अंश सहज चढतात. हिशेब तुम्हीच करा.

अ‍ॅव्हरेजचं तर सोडाच. पेट्रोल इंजिनात सावकाश चालवताना हवा अडवते ती थ्रॉटलची झडप, आणि ते तिचं कामच आहे. तिच्याआधीचा फिल्टर मोकळा करून काय मिळणार?

स्पॅनर
तुम्ही स्वतः बसवलाय का कधी? मी बसवलाय, दोन वर्षं चालवतोय. माझा पाइप लांब आहे, फिल्टर बंपरच्या पोकळीत, इंजिनाच्या उष्णतेपासून लांब. हायवेला स्कॅनर (गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणारं यंत्र) लावून बघितलं: आत जाणारी हवा बाहेरच्यापेक्षा जेमतेम ४ अंश गरम. ४००० आरपीएमच्या वर गाडी मोकळी पळते. आखूड पाइपवाल्यांचं पाप आमच्या माथी मारू नका.

चौथा गिअर
मोकळी "वाटते". रेझोनेटर (हवेचा आवाज दाबणारा डबा) काढला की आवाज वाढतो आणि कानाला वेग वाटतो. डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद असेल तर दाखवा, आधीचा आणि नंतरचा. आणि स्कॅनर हायवेला का लावता? सिग्नलला लावा.

पावसाळी चाक
बंपरमधला फिल्टर म्हणालात म्हणून सांगते. माझ्या भावाने हौसेने तसाच बसवला होता. पाणी साचलेल्या रस्त्यात गाडी घातली, पाणी अर्ध्या चाकापर्यंतही नव्हतं. एकदाच "ठक्" झालं आणि इंजिन जागेवर थांबलं. स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवलं तर प्लगच्या भोकातून पाण्याची पिचकारी उडाली. एक कनेक्टिंग रॉड वाकलेला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. भावाचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

तांबडा फिल्टर
पाण्यात गाडी घालायचीच कशाला? पण मुद्दा फिल्टरचा आहे. धुऊन, तेल लावून परत वापरता येणारा कापडी फिल्टर कागदापेक्षा शंभर पटीने चांगला. कागद फेकायचा, नवा आणायचा, हे किती दिवस?

कागदवाला
याच कापडी फिल्टरने माझे तीन महिने खाल्ले, त्यामुळे यावर गप्प बसणार नाही. धुतला, तेल लावलं, दुसऱ्या दिवशी बसवला. काही आठवड्यांत गाडी उभी असताना आरपीएम वर-खाली व्हायला लागले, मग चेक इंजिनचा दिवा. कोड पी०१७१, मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर बदलला, प्लग बदलले, दिवा तसाच. शेवटी मीच आत येणारी हवा मोजणारा सेन्सर बाहेर काढला. आतली तार केसाएवढी बारीक, तिच्यावर तेलात भिजलेल्या धुळीचा तांबूस थर. तार झाकली गेली की ती हवा कमी मोजते, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल कमी सोडतो. सेन्सर क्लीनर मारला, पूर्ण वाळू दिला, गाडी सरळ झाली.

तांबडा फिल्टर
तेल जास्त ओतलंत ही चूक तुमची. प्रत्येक घडीवर एक बारीक रेघ मारायची, अर्धा तास मुरू द्यायचं, फिकट राहिलं तिथेच परत. मी सहा वर्षं करतोय, एकदाही दिवा लागला नाही.

कागदवाला
म्हणजे ज्याचा हात तुमच्याइतका बसलेला नाही त्याने भोगायचं? कागदी फिल्टरला हात बसावा लागत नाही. आणि बारीक धूळ अडवण्यात कागद मागे नाही, ही धूळ आत गेली की सिलिंडर घासते. हवा मोकळी हवी म्हणून इंजिन घासायचं का?

तांबडा फिल्टर
घासलेलं सिलिंडर दाखवा, मग बोला! एका अनुभवावर सगळ्या फिल्टरांना फासावर चढवताय.

स्पॅनर
भांडू नका. कागदवाले, किटचा पाइप मूळ नळीपेक्षा रुंद होता का? सेन्सर मूळ नळीच्या व्यासावर बेतलेला असतो. पाइप रुंद झाला की तीच हवा तारेजवळून सावकाश जाते, सेन्सर कमी मोजतो, आणि हाच कोड येतो. तेलाशिवायही.

कागदवाला
रुंद होता, थोडा. पण साफ केल्यावर दिवा गेला, तेव्हा मुख्य दोष तेलाचाच. व्यासाचा हातभार असेल, एवढं मानतो. त्यापुढे नाही.

चौथा गिअर
आणि हे सगळं "अर्ध्या तासाच्या कामात" कोणी सांगितलं होतं? सेन्सरनंतरचा एक क्लॅम्प ढिला राहिला तरी न मोजलेली हवा आत जाते. क्रँककेसच्या ब्रीदरची (इंजिनाच्या तळातली वाफ परत इंटेकमध्ये नेणारी) रबरी नळी लावायची राहिली तरी तेच. आवळताना स्क्रू थांबला की पाइप हलवून बघा. फिरला तर काम झालेलं नाही.

स्पॅनर
हे बरोबर, माझाही पहिल्यांदा ढिलाच राहिला होता. सिग्नलवालं मोजमाप आज केलं. १० मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवली: बाहेरच्यापेक्षा १९ अंश जास्त. हलल्यावर दोन मिनिटांत उतरलं. मूळ बॉक्सवर मी हे कधी मोजलं नव्हतं, त्यामुळे तुलना आत्ता देता येत नाही. रविवारी तो लावून मोजतो.

पावसाळी चाक, तुमच्या भावाचं वाचून रात्री उठून बंपरखाली हात घातला. फिल्टर जमिनीपासून दीड वीतही नाही. पावसाळ्यात मूळ बॉक्सच राहील. कोरड्या दिवसांत माझा पाइप परत येणार, त्यावर मी मागे हटत नाही.