ऑरलँडो: एका रात्रीच्या हॉटेलवर दोन दिवसांचा एक्स्प्रेस पास, खरंच जमतं का?

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत ऑरलँडोला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, सहा वर्षांचे चिरंजीव आणि भारतातून आलेले आई-बाबा.

डिस्नीचं गणित समजलंय. त्यांच्या हॉटेलात उतरलं तरी लाइटनिंग लेन, म्हणजे राइडची लांब रांग टाळायची सोय, फुकट नाही. फक्त चेक-इनच्या सात दिवस आधीपासून बुकिंग करता येतं, बाहेरच्यांना तीन दिवस आधी. शिवाय सकाळी अर्धा तास लवकर आत सोडतात. पैसे भरायचे ते भरायचेच.

घोडं अडलंय ते युनिव्हर्सलच्या पार्कांपाशी. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या त्यांच्या तीन हॉटेलांत एक्स्प्रेस अनलिमिटेड, म्हणजे तिथला रांग टाळायचा पास, खोलीच्या भाड्यातच येतो, आणि चेक-इन, चेक-आउट दोन्ही दिवशी चालतो म्हणे. बायकोचा विश्वास बसत नाहीये. "एवढं सरळ असतं तर सगळ्यांनी तेच केलं असतं," हे तिचं म्हणणं मलाही पटतं, म्हणून विचारतोय. खोली दुपारी चारला मिळणार, मग पहिल्या दिवशी सकाळी पास हातात पडतो का?

दुसरं म्हणजे आई-बाबा फार तर दोन-तीन राइड करतील, बाबांचे गुडघे बोलतात. पास सुटे घेतले तर तिघांचेच घेईन. पण त्यांची किंमत गर्दीप्रमाणे चढते, आणि नाताळात ती बघून डोळे पांढरे होतात. त्यात लेकाची उंची ४४ इंच. वेलॉसिकोस्टर या राइडला ५१ लागते, हॅग्रिडच्या मोटारसायकल राइडला ४८. त्याच्यासाठी पास वाया जाईल का?

प्रतिसाद १
वहिनींना सांगा, खरंच तसं आहे. आम्ही सकाळीच रिसेप्शनला गेलो, नोंदणी केली आणि पास घेऊन थेट पार्कात. सामान हॉटेलात ठेवलं. पास खोलीत नोंदवलेल्या प्रत्येकाला मिळतो, त्यामुळे बुकिंगमध्ये पाचही नावं घाला. दोनपेक्षा जास्त मोठी माणसं असली की जादा आकार लागतो, तो हिशेबात धरा. पार्कची तिकिटं वेगळी.

लेकाचं म्हणाल तर ग्रिंगॉट्सला ४२ आणि स्पायडर-मॅनला ४० इंच पुरतात. मोठ्या राइडला चाइल्ड स्वॅप मागा: एक जण मुलापाशी थांबतो, मग अदलाबदल, पुन्हा रांग नाही.

प्रतिसाद २
एक राहिलं. हा पास २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या त्यांच्या नव्या पार्कात चालत नाही, तो दिवस या दोन दिवसांत घालू नका. आणि युनिव्हर्सल स्टुडिओज व आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर या दोन पार्कांमध्ये धावणाऱ्या हॉगवॉर्ट्स एक्स्प्रेस गाडीत बसायचं असेल तर दोन्ही पार्कांचं पार्क-टू-पार्क तिकीट लागतं. आमच्या पोरानं ऐन फलाटावर भोकाड पसरलं होतं.

धागाकर्ता
बायकोला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. रॉयल पॅसिफिकची एक रात्र बघतोय.