३७५ मिली म्हणजे किती कप?

बी-३०२: ताई, मापाचे कप कुणाकडं हायत का? लेकीच्या वाढदिवसाला बिनअंड्याचा केक करायलेय. रेसिपीत ३७५ मिली दूध अन् १२० मिली तेल लिवलंय. घरात सगळे चहाचेच कप हायत.

ए-१०१: चहाचे तीन कप टाक की. होतंय.

सी-२०४: ओ काकू, असं नका सांगू तिला 😄 चहाचा कप कुणाचा १०० मिलीचा, कुणाचा १५० चा. रेसिपीतला कप बहुतेक २५० चा धरतात, अमेरिकेची असली तर २४० च्या आसपास. ३७५ म्हणजे दीड कप. तेल अर्ध्या कपाला जरासं कमी. १५ मिलीच्या मापाचे आठ चमचे घेतले की बरोबर १२०.

बी-३०२: आता रात्री गंजगोलाईच्या बाजारात कोण जाणार माप आणाया?

सी-२०४: कशाला जातीस? अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी दोन सारख्या ग्लासांत सारखी ओत. एकेकात २५०. पेनानं रेघ मारून ठेव, कायमचं माप झालं. तेलासाठी खोकल्याच्या औषधाचं टोपण घे, त्याच्यावर मिलीच्या रेघा असतात. धुऊन घे मात्र. अन् भाताच्या इलेक्ट्रिक कुकरसोबतचा कप घेऊ नको, तो १८० चा असतोय.

डी-४०३: माझ्याकडं वजनकाटा हाय. मिली अन् ग्रॅम एकच ना?

सी-२०४: पाण्याचं एकच. तेलाचं नाही. लिटरच्या पिशवीवर बगा, बारीक अक्षरात ९१० ग्रॅम लिवलेलं असतंय. म्हणजे १२० मिली तेल काट्यावर १०९ ग्रॅमच भरंल. मैद्याला तर हा हिशोब लावूच नका. २५० च्या कपात मैदा सव्वाशे-दीडशे ग्रॅम बसतोय, दाबून भरला तर आणखी. केक दगड होतोय तो तिथंच.

ए-१०१: आमच्या सासूबाईंचं बरं होतं बाई. दोन चिपट्याचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली.

डी-४०३: पायली तरी कुठं एक होती काकू? गावागणिक बदलायची.

बी-३०२: दुधाची पिशवी यांनी आताच चहाला फोडली 🤦 डी-४०३, पोराला पाठवते, काटा द्या.

सी-२०४: मग उरलेलं दूध काट्यावरच घे. ३८५ ग्रॅम. दूध पाण्यापेक्षा जरा जड असतंय. कमी पडलं तर माझ्याकडं हाय.